गळ्यात माळ, गळ्याला बँड

परवा कोर्टाच्या बार रूममध्ये नुकतीच वकिलीची सनद मिळालेली एक मुलगी शेजारी येऊन बसली. घरात आजीपासून सगळे माळकरी, आणि या आषाढीला माळ घालायचं हिच्याही मनात आहे. चहा गार होईपर्यंत घुटमळली आणि मग म्हणाली, "मॅडम, माळ घातल्यावर वकिली करता येते का हो? खोटं बोलावं लागतं ना?"

मी 1998 साली सनद घेतली आणि 2001 साली माळ घातली. फलटणच्या कोर्टात माळ आणि वकिलाचा पांढरा बँड, दोन्ही एकाच गळ्यात घेऊन वावरते. खोटं बोलावं लागत नाही, एवढं तिला तिथल्या तिथं सांगितलं. अशिलाची बाजू मांडणं वेगळं आणि आपल्याला खोटं ठाऊक असलेलं कोर्टापुढं खरं म्हणून ठेवणं वेगळं. दुसरं केलं तर माळ राहू द्या, सनदच जाऊ शकते. पण तिचा प्रश्न एका चहात संपणारा नव्हता, म्हणून हे लिहायला बसले. तुमची माळ नसेल, रोजा असेल, रविवारचा मिस्सा असेल, किंवा पौर्णिमेची बुद्धवंदना असेल. अडचणी थोड्याफार याच येतात.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. धर्म मी माझ्यासाठी पाळते आणि वकिली दुसऱ्यासाठी करते. एकादशी माझी, भूक माझी, पुण्य लागलं तर तेही माझंच. दावा हरला तर जमीन मात्र अशिलाची जाते. हे मला सनदेच्या अभ्यासक्रमात कुणी शिकवलं नाही. शिकले ते वारीत.

वारीच्या आधी डायरी

2004 सालची गोष्ट. एका विधवा बाईंचा विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा दावा माझ्याकडं होता. चुलतदीर मोटर चालू करू देत नव्हता, म्हणून मी मनाई हुकूम मिळवला होता. पुढची तारीख पुराव्याची होती आणि नेमकी वारीत येत होती. मी बाईंना सांगितलं, "तुम्ही येऊ नका, उगाच एसटीचा खर्च. मुदत मिळेल." सहकाऱ्याला तोंडी म्हटलं, "तेवढा मुदत अर्ज दे." आणि दिंडीबरोबर आळंदीहून निघाले.

सहकारी त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात उलटतपासात अडकला. पुकारा झाला. प्रतिवादीचे वकील हजर, वादी नाही, वादीचे वकील नाहीत. दावा गैरहजेरीत काढून टाकला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 9, रूल 8 प्रमाणे तसंच होतं, आणि रूल 9 प्रमाणे त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही. दावाच उरला नाही म्हटल्यावर मनाई हुकूमही उरला नाही. मला हे वेळापूरच्या मुक्कामात कळलं. भजन चालू होतं. मी टाळ खाली ठेवले आणि पहाटेची एसटी धरली.

दावा पुन्हा दाखल करून घ्यायचा अर्ज तीस दिवसांत द्यावा लागतो. मी दिला. कारण खरंच लिहिलं, वकील वारीला गेले होते. न्यायाधीशांनी ते वाचलं आणि विचारलं, "वारीला अशील गेल्या होत्या का?" मी नाही म्हटलं. अर्ज पाचशे रुपये खर्चावर मंजूर झाला आणि ते पाचशे मी माझ्या खिशातून भरले. पण त्याला तीन महिने गेले. तेवढ्यात दिरानं विहिरीवर कुलूप घातलं, आणि त्या साली पाऊसही ओढ देऊन होता. बाईंचा अर्धा एकर कांदा वाळला. मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "जाऊ द्या बाई, इठ्ठलापाशी माझं बी नाव घेतलं असंल की तुम्ही." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. दिवाणी कोर्टांची उन्हाळी सुट्टी जूनच्या सुरुवातीला संपते आणि पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदी सोडते. म्हणजे सुट्टीनंतर बोर्ड, कोर्टाची रोजची प्रकरणांची यादी, तुंबलेलं असतं, नेमका तेव्हाच आपला पाय निघतो. म्हणून पंचांग हातात आलं की पहिल्यांदा वारीचे दिवस डायरीत आडवी रेघ मारून घ्या. मार्च-एप्रिलमध्ये तारखा घेताना ती रेघ बघा. तरीही एखादं प्रकरण त्यात पडलंच तर सहकाऱ्याच्या नावानं रीतसर वकीलपत्र दाखल करा. तोंडी सांगणं म्हणजे काही न सांगणं. अशिलाला "येऊ नका" कधीच म्हणू नका. वकील नसला तरी पक्षकार स्वतः उभा राहून "साहेब, तारीख द्या" म्हणाला तर निदान दावा वाचतो. आणि मनाई हुकूम चालू असलेलं, पुराव्याला लागलेलं, किंवा मुदतीचा शेवटचा दिवस जवळ आलेलं प्रकरण असेल, तर त्या वर्षी तेवढे दिवस वारी सोडा. मी दोनदा सोडली आहे. पालखी फलटणला मुक्कामाला येते तेव्हा जाऊन पादुकांवर डोकं ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी अकराला कोर्टात उभी राहिले.

मुदतीच्या, म्हणजे दावा-अपिलाच्या कालमर्यादेच्या, बाबतीत तर देव आणि कायदा यांचं अजिबात जमत नाही. देवाच्या दारी साठाव्या वर्षी गेलं तरी तो विचारत नाही, इतके दिवस कुठं होतास. जिल्हा न्यायालयात अपील मात्र तीस दिवसांत करायचं. समोरच्यानं हरकत घेतली नाही तरी मुदतीबाहेरचं प्रकरण कोर्टानं फेटाळायचं, असं 1963 चा मुदत कायदाच सांगतो. उशीर माफ करा असा अर्ज देता येतो, पण त्यात कारण लागतं. नुसता पश्चात्ताप चालत नाही.

वकीलपत्र कुणाचं घ्यायचं

बार कौन्सिलचा नियम असा की, ज्या कोर्टांत आपण वकिली करतो तिथलं प्रकरण आपल्या योग्यतेची फी मिळत असेल तर घ्यायचं. खास कारण असेल तर नाकारता येतं. हे खास कारण म्हणजे "मला मटण चालत नाही" असं मी धरत नाही.

माझ्याकडं एक खाटीक भाडेकरू आले होते. दुकान खाली, घरमालक वरच्या मजल्यावर, आणि घरमालक आमच्याच फडातले, म्हणजे वारीच्या मंडळीतले, माळकरी. शेजाऱ्यांना उपद्रव होतो, वास येतो, घरात हरिपाठ होतो, असं म्हणून त्यांनी दुकान खाली करून मागितलं होतं. मी भाडेकरूचं वकीलपत्र घेतलं. दुकान बघायला गेले ती पदर नाकाला लावून, हे खोटं कशाला सांगू. पण भाडेकरार काढून बघितला तर त्यात मालकाच्या सहीखाली लिहिलेलं होतं की गाळा मटणविक्रीसाठी देत आहे. करार तीस वर्षांपूर्वीचा. मालकांनी माळ घातली होती आठ वर्षांपूर्वी. उलटतपासात मी एवढंच विचारलं, "भाडं घेताना वास येत होता का?" प्रश्न जरा कडक झाला. आज विचारला नसता, कागद पुरेसा होता.

फडातल्या मंडळींनी पुढं चार महिने माझ्याशी धड बोलणं केलं नाही. तुमच्याही वाट्याला हे येईल. त्यांना समजावत बसू नका, आणि प्रकरणातलं काही सांगून स्वतःची सुटका तर मुळीच करून घेऊ नका. माळ घालताना मी शपथ घेतली की मी मांस खाणार नाही. दुसऱ्याला ते विकू देणार नाही, अशी शपथ मला कुणी दिलेली नाही.

उलट बाजूही सांगते. खरंच मन घेत नसेल, प्रकरण हातात घेतल्यावर आपण अर्ध्या मनानं लढू असं वाटत असेल, तर पहिल्या भेटीतच नाही म्हणा. दुसऱ्या वकिलाचं नाव सुचवा, कागद परत द्या. वकीलपत्र घेऊन मग हात आखडता घेणं हा अशिलाचा विश्वासघात आहे. धर्मात त्याला काय म्हणतात ते तुमच्या महाराजांना विचारा.

शपथ आणि बेलभंडार

सिनेमात साक्षीदाराच्या हाताखाली गीता असते. आमच्या कोर्टात ती कधी बघितली नाही. 1969 चा शपथ कायदा दोन वाटा देतो. साक्षीदार ईश्वराची शपथ घेऊ शकतो, किंवा देवाचं नाव न घेता सत्यप्रतिज्ञा करू शकतो. वजन दोन्हींचं सारखं. खोटं बोललं तर शिक्षाही सारखी, सात वर्षांपर्यंत.

एकदा माझा साक्षीदार, ऐंशीच्या घरातले माळकरी आजोबा, पिंजऱ्यात उभे राहिले आणि ईश्वराची शपथ घ्यायला तयार होईनात. बांधाच्या भांडणात इठोबाला कशाला वढता, म्हणाले. शिरस्तेदार गडबडले. मी उठून सांगितलं की साक्षीदार सत्यप्रतिज्ञेवर सांगतील. दोन मिनिटांत काम झालं. साक्षीदाराला कोर्टात नेण्याआधी हे विचारून ठेवा, म्हणजे तिथं तारांबळ उडत नाही. आणि देवाची शपथ घेतो म्हणून साक्षीदार खरा, असं स्वतःच्या मनातही धरू नका. कागदाशी ताडून बघा.

बेलभंडाराचं मात्र नीट ऐका, कारण हे दर दोन वर्षांनी येतंच. पक्षकार म्हणतो, "त्यानं खंडोबाच्या देवळात बेलभंडार उचलून सांगावं की पैसे दिलेत. मी दावा काढून घेतो." गावच्या चारचौघांनाही ते पटतं. मी अशिलाला थांबवत नाही, तो त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. पण आधी कागद करते. काय द्यायचं, काय घ्यायचं, कधीपर्यंत, हे तडजोडीत स्पष्ट लिहायचं, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या, कोर्टात दाखल करायचं. त्यावर हुकूमनामा झाला की उद्या कुणी फिरला तरी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावता येते. एका बाईंनी मला न सांगता आधी देऊळ गाठलं आणि मग दावा काढून घेतला. समोरच्यानं भंडार उचलला, घरी गेला, आणि पुढं दमडी दिली नाही. त्याचं खंडोबा बघून घेईल, असं त्या म्हणतात. बघेलही. मला मात्र त्यात दाखल करायला काही सापडलं नाही.

फी

काम झालं तर पाच नारळ, हा नवस. काम झालं तर जमिनीतला दहावा हिस्सा, हे वकिलाला चालत नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई केलेली आहे. कीर्तनाचे पैसे घेऊ नयेत असं तुकोबा सांगून गेले, ते कीर्तनाला. युक्तिवादाचे घ्यावेत, आधी ठरवून घ्यावेत, आणि पावती द्यावी. नडलेल्या बाईकडून घ्यायचे नसतील तर नका घेऊ, पण "देव बघतोय" म्हणून तिचं काम शेवटी ढकलू नका. फुकट घेतलेलं प्रकरण हमखास मागं पडतं, हा माझा स्वतःवरचा आरोप आहे.

बहिणीचं हक्कसोडपत्र

यावर थोडं थांबते, कारण तालुका कोर्टात धर्म आणि कायदा जितके इथं एकमेकांत गुंततात तितके कुठंच नाही.

तीन भाऊ येतात. सोबत एक बहीण, डोक्यावर पदर, खुर्चीच्या कडेवर बसलेली. थोरला म्हणतो, "आक्काची काही अपेक्षा नाही. हक्कसोड करून द्या." आक्का मान हलवते. माहेरची साडीचोळी, दिवाळीची ओवाळणी, मुलाच्या लग्नात मामाचा मान, हे सगळं त्या एका सहीला टांगलेलं असतं. बहिणीनं भावाकडं मागू नये, हा तिला लहानपणापासून शिकवलेला धर्म.

कायदा काय म्हणतो ते आधी स्वतःच्या डोक्यात साफ असू द्या. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यात मुलगी मुलाप्रमाणेच जन्मानं सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सेदार, आहे. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की 2005 च्या त्या तारखेला वडील जिवंत असण्याची गरज नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं रीतसर वाटप झालं असेल तर ते मात्र उकरता येत नाही. आणि जमिनीचा हक्क सोडायचा तर दस्ताची नोंदणी लागते. तलाठ्याकडं नुसता अर्ज देऊन सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव कमी केलं म्हणजे हक्क गेला, असं नाही. फेरफार म्हणजे मालकी नव्हे. असे कितीतरी फेरफार मी बघितलेत, ज्यांच्याबद्दल बहिणीला वीस वर्षांनी कळलं.

आता करायचं काय? पहिलं, आपला अशील कोण ते ठरवा. भाऊ फी देणार असतील तर अशील भाऊ. मग बहिणीला सल्ला द्यायचा नाही. तिला सरळ सांगायचं, "आक्का, मी तुमची वकील नाही. सही करायच्या आधी दुसऱ्या वकिलाला विचारा." भावांना हे आवडत नाही. दोन वेळा भाऊ उठून गेले आणि दुसरीकडून दस्त करून आणला. जाऊ द्यावं.

बहीणच अशील असेल तर तिला एकटीला बसवा. हिस्सा किती, बाजारभावानं अंदाजे किंमत किती, सही केल्यावर परत फिरता येणं किती अवघड, हे तिला समजेल अशा भाषेत सांगा. दस्त पूर्ण वाचून दाखवा. सोबतच्या भावाला बाहेर चहा पाजा.

आणि मग गप्प बसा. हे मला शिकायला सर्वात वेळ लागला. सुरुवातीला मी बायकांना भाषण द्यायचे, हिस्सा घ्याच म्हणून. एकीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, माझा धाकटा भाऊ अधू आहे. मला नको त्याच्या पोटातलं." तिनं जाणूनबुजून, किंमत कळून, सोडलं. ते तिचं पुण्य. ते मोडायचा अधिकार मला सनदेनं दिलेला नाही, आणि तेच पुण्य दुसरीच्या माथी मारायचा अधिकार माळेनं दिलेला नाही.

"शास्त्रात आहे" असं कुणी म्हणालं तर

आधी विचारा, कुठल्या शास्त्रात, आणि कायद्यात ते आलंय का. काही आलंय, काही नाही. दत्तक घेताना दत्तहोम झालाच नाही म्हणून भावकी ओरडते. पण 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात लिहिलेलंच आहे की दत्तहोम आवश्यक नाही, मूल प्रत्यक्ष देणं आणि घेणं आवश्यक. लग्नाचं उलट. नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र आहे, विधी काहीच झाला नाही, तर हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये म्हटलं. विधी नको असेल तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, तीस दिवसांच्या नोटिशीसह. म्हणजे लग्नाच्या वादात गुरुजी, करवली आणि अल्बम हे तुमचे पुरावे. कुणी सप्तपदीबद्दल विचारलं तर ते कर्मकांड म्हणून उडवून लावू नका, त्यावर लग्नच टिकतं किंवा पडतं. आणि दोन्हीकडच्या रूढीत सप्तपदी नसेल तर रूढी सिद्ध करा. हिंदू विवाह कायद्याचं कलम 7 तेवढी जागा ठेवतं.

कधी कधी ज्याला लोक आपला धर्म समजतात तो दुसऱ्याच कुणाचा असतो. रखमाबाईंचा खटला आठवा. बालपणी झालेलं लग्न, नांदायला जायला नकार, आणि 1884 मध्ये बायकोनं नांदायला यावं म्हणून नवऱ्यानं मुंबई उच्च न्यायालयात लावलेला दावा. पहिल्यांदा न्यायमूर्ती पिन्हे यांनी 1885 मध्ये दावा फेटाळला. अशा दाव्याला हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही, तो इंग्लंडमधून आलेला आहे, हा त्यातला मुद्दा. इंग्लंडात त्याचं मूळ चर्चच्या न्यायालयांत होतं. अपिलात ते फिरलं आणि 1887 मध्ये रखमाबाईंना सांगण्यात आलं की नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या. शेवटी 1888 मध्ये नवऱ्यानं दोन हजार रुपये घेऊन वाद मिटवला, आणि पुढं त्या डॉक्टर झाल्या. गंमत अशी की त्या वेळी कितीतरी धर्माभिमानी मंडळी हिंदू धर्माच्या नावानं इंग्रजांच्या चर्चमधला उपाय उचलून धरत होती. इंग्लंडनं तो 1970 मध्ये रद्द केला. आपल्याकडं हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये अजून आहे आणि मीही त्याखाली अर्ज केलेले आहेत.

तोंड

कीर्तनकार महाराज माझ्याकडून कोर्टातले दृष्टांत मागतात. "नाव बदलून सांगतो" म्हणतात. देऊ नका. तालुक्यात नाव बदलून काही बदलत नाही. अशिलानं आपल्याला सांगितलेलं प्रकरण संपल्यावरही आपल्यापाशीच राहायला हवं. उलट, अशील महाराजांपुढं किंवा फादरपुढं मन मोकळं करतो त्याला पुरावा कायद्यात वकिलासारखं संरक्षण नाही. त्यांना समन्स निघू शकतं. चालू फौजदारी प्रकरणात हे अशिलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. म्हणजे पाप कुठं बोलायचं आणि कुठं नाही, हे त्याला कळेल.

आता किरकोळ. माळ बँडच्या आत राहते, दिसली तरी काही बिघडत नाही. बँड आणि गाऊन घालून मात्र दिंडीत फोटो काढू नका. कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी ते घालायचे नाहीत, असा नियमच आहे. गेल्या वर्षी दोन जणांना मी बरडजवळ गाठून ते पिशवीत घालायला लावले.

त्या मुलीनं निघताना विचारलं, एकादशीला मोठा उलटतपास आला तर? मी तिला माझ्या टेबलाचा खण उघडून दाखवला. शेंगदाण्याचा लाडू, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या. निर्जळी करायची तर सुट्टीच्या दिवशी. उपाशी पोटी पित्त चढतं आणि माणूस साक्षीदारावर खेकसतो. मग तिनं डायरी काढली आणि जूनच्या शेवटापासून आषाढीपर्यंत पेनानं रेघ मारायला लागली. मी पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली.